खाऱ्या पाण्याने धरलेलं आउटबोर्ड: मोडीत काढण्याआधी

देवबागच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी त्याने 40 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगायचं इंजिन) सेकंडहँड घेतलं. होडी कर्ली खाडीच्या मुखाशी उभी असते. मे अखेरीस मशीन उतरवून ताडपत्रीत गुंडाळलं आणि पडवीत ठेवलं. ऑगस्टमध्ये उघडलं तर लेगवरचा (मशीनच्या पाण्यात उतरणाऱ्या खालच्या भागावरचा) रंग फुगलेला, खाली पांढरा भुगा. चालू केल्यावर मशीन थंड करून बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार दोऱ्यासारखी बारीक. थर्मोस्टॅटचं (मशीन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं) झाकण खोलायला गेला तर चारपैकी दोन बोल्ट तुटले. पंखा (प्रोपेलर) तर शाफ्टवरून हलेचना. एक मिस्त्री म्हणतो मोडीत काढ, दुसरा म्हणतो घासून रंग मार आणि वापर. काय करू?

मी मालवणात 27 वर्षं ही मशीनं खोलतोय. तुमच्या वर्णनावरून हे मशीन मोडीत काढण्यासारखं वाटत नाही. पण घासून रंग मारलात तर पुढच्या वर्षी नक्की मोडीत जाईल. आधी एक करा, पाना खाली ठेवा. उरलेले दोन बोल्ट आज खोलू नका.

तो पांढरा भुगा म्हणजे लोखंडाचा गंज नव्हे. मशीनचं सगळं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचे आणि मधे खारं पाणी. दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकमेकांना टेकले की तिथे बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून बोल्टचं डोकं नव्यासारखं चकाकत असतं आणि त्याच्या भोवतीची भिंत खाल्लेली असते. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा जो भुगा होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो. रंगाखाली झाला तर रंग फुगवतो, आट्यांत झाला तर बोल्ट असा आवळतो की जोर लावल्यावर बोल्ट पिळून तुटतो, फिरत नाही.

आणि ताडपत्री. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे मे महिन्यात जे मीठ आत राहिलं ते तुम्ही ऑगस्टमध्ये उघडेपर्यंत ओलंच होतं, आणि ताडपत्रीमुळे वाराही लागला नाही. मशीन पडवीत नुसतं पडून होतं असं तुम्हाला वाटतं, पण ती बॅटरी रात्रंदिवस चालू होती.

आता खर्च करण्याजोगं आहे का ते बघू. त्याला तीन तपासण्या पुरतात.

पहिली कम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी बॉडीला टेकवून ठेवा, नाहीतर सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून चार-पाच वेळा दोरी ओढा. आकडा किती येतो हे गेजवरही अवलंबून असतं, म्हणून दोन सिलिंडरमधला फरक बघा. 10 टक्क्यांच्या आत असेल तर छान. 15 च्या पुढे गेला तर हेड उघडून बघितल्याशिवाय पुढे पैसे घालू नका. काढलेल्या प्लगच्या टोकाशी तांबूस गंज दिसतोय का तेही पाहा. तसा असेल तर सिलिंडरमध्ये पाणी गेलंय.

दुसरी गिअर ऑइलची. मशीन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी गिअरकेसचा (लेगच्या तळाशी गिअर असतात त्या डब्याचा) खालचा स्क्रू थोडासाच ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसलेलं असतं, ते आधी येतं. तेल दुधाळ आलं तर पाणी बरेच दिवस आत मिसळतंय, सील गेलंय.

तिसरी टोच्याने. टोकदार टोच्या घेऊन फुगलेल्या जागी, एक्झॉस्टच्या बाजूला आणि ट्रान्सम ब्रॅकेटवर (मशीन होडीला अडकवतो त्या पकडीवर) दाबून बघा. वरचा पापुद्रा निघून खाली घट्ट धातू लागला तर तो खड्डा भरता येतो. टोच्या आत गेला तर तो भाग बदलायचा. ब्रॅकेटला तडा असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका. खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत मीठ असतं, वेल्डिंगचा रस उकळतो, बुडबुडे धरतो आणि वरून सुंदर दिसणारा जोड आतून पोकळ राहतो. पर्यटक बसवलेल्या होडीचं मशीन अशा जोडावर टांगू नये. सिलिंडरची भिंत पाण्याच्या जागेपर्यंत खाल्ली गेली असेल तेव्हाही मी गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणतो.

आता बोल्टांकडे. बहुतेक मशीनं मिठाने मरत नाहीत, खोलणाऱ्याच्या घाईने मरतात.

शिकाऊ असताना मी एका मशीनच्या हेडचा बोल्ट लांब पाइप लावून फिरवत होतो. माझे उस्ताद मागून आले, पाइप काढून घेतला आणि म्हणाले, "मेल्या, नट सोडवूचो आसा, तोडूचो नाय. टायम दी त्याका." मग त्यांनी मला दिवसभर त्या एका बोल्टवर बसवलं. संध्याकाळी तो बोटांनी फिरला. आजही माझी पद्धत तीच आहे.

पेट्रोलची टाकी आणि पाइप मशीनपासून लांब न्या, कार्ब्युरेटर रिकामा करा, मशीन मोकळ्या हवेत आणा. मग हॉट एअर गन किंवा गॅसची बारीक ज्योत घ्या आणि बोल्टला न लावता बोल्टच्या भोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला फिरवत राहा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा बरंच जास्त फुगतं, भोक मोठं होतं आणि भुग्याची पकड फुटते. धोका एवढाच की अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, मशीनचं ओतीव त्याच्याही आधी एकदम बसतं. म्हणून मी बोटाने पाण्याचा थेंब टाकून बघतो. भाकरीच्या तव्यावर नाचतो तसा थेंब नाचला की ज्योत बाजूला. त्याच्या पुढे तापवायचं काही कारण नाही.

तापलेल्या जागी, बोल्टच्या डोक्याखाली, साधी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. थंड होऊ द्या. डोक्यावर छोट्या हातोडीने सरळ चार-पाच टोले द्या, जोराचे नकोत, टणटण आवाज येईल असे. मग पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा. तिथे केसभर हलला तर सोडायच्या दिशेने केसभर आणा. पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. अडला तर परत गरम. तीन-चार फेऱ्यांत बहुतेक बोल्ट येतात. जो येत नाही त्याला गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून दोन-तीन दिवस रोज थेंबभर सोडत राहा. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखं पेटतं, त्यामुळे ते लावलेल्या जागी ज्योत अजिबात आणायची नाही. आग आणि औषध यांतलं एकच.

तुमचे दोन तुटलेत त्यांचं काय? उरलेले दोन वरच्या पद्धतीने सोडवून झाकण उचला. तुटलेल्या बोल्टांचे खुंट झाकणाच्या जाडीएवढे वर राहिले असतील तर नशीब चांगलं. चांगल्या वेल्डरकडून खुंटावर नट बसवून आतून वेल्ड करून घ्या. त्याआधी बॅटरी आणि सीडीआयची जोडणी काढा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं, लाल उतरल्यावर नट फिरवला की खुंट बाहेर येतो. बोल्ट पृष्ठभागाला सपाट तुटला असेल तर ड्रिल मारावं लागेल. मध्य अगदी अचूक पंच करा, 3 मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात, वेग कमी, तेल भरपूर. स्टेनलेस कठीण आणि बाजूचं अ‍ॅल्युमिनियम मऊ, ड्रिल घसरून मऊ बाजूला पळतं. हात थरथरत असेल तर लेथवाल्याकडे जा, कमीपणा नाही त्यात. बाजारात मिळणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मात्र वापरू नका. तो आत तुटला तर त्याच्या पोलादाला साधं ड्रिल चावत नाही, मग दोन हजारांचं काम वीस हजारांवर जातं.

आटे गेले तर हेलिकॉइल (तारेच्या स्प्रिंगचे नवे आटे) बसवा. हे बोल्ट साधारण 6 मिलिमीटरचे असतात, त्याला 6.3 चं ड्रिल, हेलिकॉइलचाच टॅप आणि मग स्प्रिंग. नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतं. एम-सील भरून त्यात बोल्ट पिळलेला मी कितीदा काढलाय. ते दोन फेऱ्याही टिकत नाही.

झाकण उघडलं की धार बारीक का ते कळेल. पण त्याच्याही आधी एक फुकटची तपासणी: धार जिथून बाहेर पडते त्या नळीत तंगूसचा (मासेमारीच्या नायलॉन दोरीचा) तुकडा घालून फिरवा. कधी कधी वाळूचा एक खडा किंवा किड्याचं मातीचं घर एवढंच निघतं. तेवढ्याने धार जोरात आली तरी आता उघडलंय तर आत बघाच. थर्मोस्टॅट काढा, पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घालून तापवा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडला पाहिजे. अर्धवट उघडून अडकत असेल तर नवा घाला. आपल्या किनाऱ्यावर थर्मोस्टॅट काढून टाकून मशीन चालवायची सवय आहे, मला ती पटत नाही. मशीन थंड चालतं, पेट्रोल नीट जळत नाही, कार्बन साचतो.

पाण्याच्या वाटांत दोन प्रकारचं साचतं. नुसतं मीठ असेल तर कोमट गोड्या पाण्याने विरघळतं, फक्त वेळ द्यावा लागतो. चुन्यासारखा कडक थर असेल तर साधा पांढरा व्हिनेगर अर्धा तास, मग धुणं, मग गरज पडली तर पुन्हा. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी आणि त्यानंतर भरपूर गोडं पाणी. संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतू नका. मालवणात, वेंगुर्ल्यात, हर्णैला, सगळीकडे कोणी ना कोणी ते ओततं. फेस येतो, सगळ्यांना वाटतं घाण निघतेय. तो फेस अ‍ॅल्युमिनियमचा असतो.

एक्झॉस्टचं झाकणही काढा. आतल्या पत्र्याच्या एका बाजूला गरम धूर आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी असतं, म्हणून भोक पहिलं तिथे पडतं. पत्रा उजेडासमोर धरा. टाचणीएवढा जरी उजेड दिसला तरी तो बदला, कारण त्याच भोकातून पाणी सिलिंडरकडे जातं. या झाकणाला बोल्ट पुष्कळ असतात, आणि जपून काम करायचा कंटाळा इथेच येतो. एक दिवस एवढ्याच कामाला ठेवा.

पंखा अडकलाय तिथे ज्योत नको. पंख्याच्या आत रबराचा बुश असतो, तो जळेल. हबवर उकळतं पाणी ओता, मागून-पुढून तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग पुलरने ओढा. गिअरकेसला पहार टेकवून उचकटू नका आणि शाफ्टच्या टोकावर हातोडी घालू नका, मार आत बेअरिंगला बसतो. पंखा निघाला की शाफ्टच्या मुळाशी बघा. पाच मशीनांतल्या तीनांत तरी मला तिथे तंगूस गुंडाळलेला सापडतो, सुरीसारखा सीलमध्ये घुसलेला. गिअर ऑइल दुधाळ असण्याचं कारण बहुधा हेच. सील बदला, ऑइल बदला, स्क्रूखालचे वॉशर नवे घाला.

या कामासाठी गिअरकेस खाली उतरवलात तर इम्पेलर (पाण्याच्या पंपातला रबरी पंखा), त्याची चावी, त्याखालची स्टीलची प्लेट असं पूर्ण किट घाला. प्लेटवर नख फिरवून बघा, खाच लागली तर ती गेली. जुन्या इम्पेलरची एखादी पाती तुटलेली असेल तर तुकडा सापडेपर्यंत शोधा, तो वर पाण्याच्या नळीत जाऊन बसतो आणि नवा इम्पेलर घालूनही धार बारीकच राहते.

आता लेगवरचे खड्डे, ज्यासाठी तुम्ही मुळात रंगाचा डबा आणायला निघाला होता. भुगा काढायला नायलॉनचा किंवा स्टेनलेसचा ब्रश घ्या. लोखंडी तारेचा ब्रश वापरलात तर लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि प्रत्येक कणापाशी नवी बॅटरी सुरू होते. खड्ड्याचा तळ टोच्याने खरवडा, चकाकी दिसेपर्यंत. कडेचा रंगही घट्ट लागेपर्यंत मागे घ्या, कारण भुगा रंगाखालून पुढे सरकलेला असतो. मग गरम गोड्या पाण्याने धुवा, सुकवा आणि त्या दिवशी काही लावू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन यायच्या आधी, खड्ड्यांवर बोट फिरवा. आजूबाजूचा धातू कोरडा आणि खड्ड्याचा तळ ओलसर, चिकट लागला तर मीठ अजून आत आहे. हवेतलं पाणी तेच ओढतंय. पुन्हा गरम पाणी, पुन्हा रात्र. माझ्याकडे एका लेगला हे पाच वेळा करावं लागलं होतं. मालक रोज येऊन विचारायचा, रंग कधी? पण मीठ आत ठेवून वर जगातला सर्वात महाग रंग लावलात तरी दिवाळीपर्यंत फोड येतात.

खड्डे कोरडे राहायला लागले की 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्याच दिवशी, दोन-चार तासांतच एपॉक्सी प्रायमर लावा. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेनेच थर चढतो, उशीर केलात तर प्रायमर त्या थरावर बसतो, धातूवर नाही. खोल खड्डे अ‍ॅल्युमिनियम भरलेल्या एपॉक्सी पुटीने भरा, गॅस्केट बसते ती जागा मात्र पुटीने भरू नका. रेड ऑक्साइड लोखंडाचा प्रायमर आहे, तो इथे धरत नाही. पिवळा झिंक क्रोमेट चांगलं धरतो, पण त्याची धूळ विषारी. जुना पिवळा थर घासायचा असेल तर पाणी लावून आणि मास्क घालूनच. होडीच्या बुडाला लावतात तो तांबं असलेला रंग लेगवर चुकूनही नको. तांबं अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेसपेक्षाही वाईट खातं.

झिंकला रंग लावू नका. झिंकचा तुकडा (अ‍ॅनोड) स्वतः झिजून मशीनला वाचवतो, रंग लावला की तो मेला. तुमची होडी खाडीच्या मुखाशी उभी असते, तिथे पाणी कधी खारं, कधी मचूळ. मचूळ पाण्यात झिंकवर थर चढून तो काम करेनासा होतो, त्यामुळे तुम्ही अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड लावा. तो दोन्हीत चालतो. मॅग्नेशियमचा फक्त गोड्या पाण्यासाठी, खाऱ्यात तो भराभर संपतो. बसवायची जागा धातू दिसेपर्यंत घासा आणि मल्टिमीटरने अ‍ॅनोड ते बॉडी जोड तपासा. अर्धा झिजला की बदला. दोन वर्षं झिजलाच नाही म्हणून खूश होऊ नका, तो जोडलेलाच नसणार.

वायरिंगमध्ये हिरवी पडलेली टोकं कापा आणि तांबं लाल चकचकीत दिसेपर्यंत मागे मागे कापत जा. काळ्या तांब्यावर नवा जोड धरत नाही. बॉडीला जाणारा अर्थ आधी बघा.

जोडताना प्रत्येक गॅस्केट नवी आणि प्रत्येक बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस. अँटी-सीझ वापरणार असाल तर तांबं नसलेलं घ्या. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. पंख्याच्या शाफ्टला ग्रीस, स्टिअरिंगच्या निपलमध्ये ग्रीस, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत.

पुढे रोजचं काम एकच: होडी लागली की 200 लिटरच्या ड्रममध्ये गोडं पाणी आणि त्यात मशीन 10 ते 15 मिनिटं, थर्मोस्टॅट उघडून गरम पाणी सगळीकडे फिरेपर्यंत. दोन मिनिटांत बंद केलंत तर थर्मोस्टॅटच्या पलीकडचं मीठ तिथेच राहतं. ड्रममधलं पाणी दर दोन-तीन वेळांनी बदला. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी. तुमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होत असेल तर ते जिभेवर घेऊन बघा आणि त्या महिन्यात टँकरचं पाणी वापरा. नेमकं त्याच महिन्यात मशीन पावसाळ्यासाठी आत जातं. आत ठेवताना शेवटच्या मिनिटाला पेट्रोलचा पाइप काढून कार्ब्युरेटर सुकवा, प्लगच्या भोकांतून तेल सोडून दोरी दोन-चार वेळा ओढा, मशीन उभं ठेवा आणि ताडपत्रीऐवजी सुती चादर घाला.

तुमचं मशीन जोडून झालं की पहिल्यांदा ड्रममध्येच चालवा. धार मनगटाएवढी जोरात हवी असं नाही, पण सलग हवी आणि हाताला कोमट लागली पाहिजे. नंतर जेटीला दोरी बांधून गिअरमध्ये एक तास. थंड झाल्यावर हेड आणि एक्झॉस्टचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, आणि गिअरकेसचा खालचा स्क्रू किंचित ढिला करून पहिला थेंब बघा. तेलाचा स्वच्छ थेंब आला तर खाडीबाहेर न्या.